शेवटच्या घराचा फोन

धनकवडीच्या चढावर पहाटे सव्वाचारला
चेंबरचं झाकण सरकवून मी चावी लावतो.
बावीस आटे, मोजून.
एकोणीस वर्षं मोजतोय.
पाणी येताना पाइप आधी थरथरतो,
मग खोकतो, मग बोलायला लागतो.
सळी टेकवून कान लावला
की कळतं कुठं गळतंय, कुठं कोंडलंय.

प्रणिताच्या डाव्या हाताची नाडी लागेना
तेव्हा सिस्टर म्हणाली, मशीन बिघडलंय.
दुसरं आणलं. तेही बिघडलेलं.
मग उजव्या दंडाला पट्टा बांधला.
एकशे नव्वद.
पोरगी तेवीस वर्षांची,
झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर उभी,
नुसतं डोकं दुखतं म्हणून आलेली.

आजाराचं नाव जपानी. टाकायासू.
मेहुणा म्हणाला, नवीन गाडी आलीय का ही?
आम्ही हसलो. तीपण हसली.
घरी येताना बसमध्ये कुणी काही बोललं नाही.

रक्ताच्या नळ्यांच्या भिंती सुजतात,
सुजत सुजत वाट खातात.
हाताची नळी गेलीच होती.
उजव्या मूत्रपिंडाची जवळजवळ.

मी विचारलं, धार कमी झाली
तर प्रेशर वाढलं कसं?
डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.
मूत्रपिंडाला बाकीचं शरीर कुठं दिसतं, म्हणाल्या.
त्याच्यापुरतं पाणी आटलं
की त्याला वाटतं सगळीकडेच आटलं.
ते वर निरोप धाडतं, वाढवा, वाढवा.
आणि शरीर ऐकतं त्याचं.

कळलं, म्हणालो.
टेकडीमागचं शेवटचं घर.
किराड मावशींचा फोन, रोज सहाला:
खडकवासला भरलंय म्हणता,
मग आमच्याच नळाला काय धाड भरलीय?
खोटं बोलत नाहीत त्या.
पण त्यांच्यासाठी चावी जास्त फिरवली
की खाली उतारावर जुना सांधा सुटतो
आणि भलत्याच माणसाच्या दारात तळं.

बाईंनी स्टेथोस्कोप प्रणिताच्या बेंबीशेजारी टेकवला.
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
नळ्या काढून माझ्या कानात घातल्या.
घुस्स. घुस्स. घुस्स.
मी हा आवाज ओळखतो, बाई.
अर्ध्यात अडकलेल्या व्हॉल्व्हचा आवाज आहे हा.
माझ्या पोरीच्या पोटातून येतोय.

मग उघडा की, म्हणालो मी. फुगा घालतात म्हणे.
घालू. पण आत अजून आग आहे.
तापलेल्या भिंतीला हात लावला तर पुन्हा मिटेल.
आधी स्टेरॉइड. आधी थांबायचं.

आता तिचा चेहरा पौर्णिमेसारखा गोल,
आरशावर तिनं टॉवेल टाकून ठेवलाय.
भाजी अळणी, आमच्या सगळ्यांचीच.
बायको मिठाची बरणी शेजारी ठेवून आली,
जसं काही बरणीच चोरून उठेल रात्री.
सोनोग्राफीत एक मूत्रपिंड दहाचं, एक साडेसातचं.
मी टेपनं साडेसात सेंटिमीटर मोजून बघितलं
माझ्या तळहातावर.

एकदा झोपेत तिचं डावं मनगट चाचपत होतो.
डोळे न उघडता म्हणाली,
शोधू नका बाबा, ह्या हाताला कायम गुरुवार.
पुण्याची पोरगी. पाणीबंद बरोबर पाठ.

ह्या शुक्रवारी पाणी गढूळ आणि मंद.
सहाला फोन वाजला.
पूर्वी मी कट करायचो.
मावशी दोन मिनिटं ओरडल्या, सुनेवरून, टँकरवरून,
नगरसेवकाच्या सात पिढ्यांवरून.
मी ऐकलं सगळं.
मग गेलो, झाकण सरकवलं,
आणि नियमाबाहेर अर्धा आटा दिला.

डॉपलर पुढच्या मंगळवारी.
सळी पाइपाला लावून
अंधारात उभा आहे,
खाली कुठं फुटतंय का ऐकत.